पुढच्या चाकातली हवा

“मान थोरल्याचा, कबूल! पन थोरला कोन, ते तरी ठरू द्या की आधी.”

नानाकाकांनी पोह्याची बशी खाली ठेवली आणि मिशीला लागलेलं खोबरं पुसत सगळ्यांकडं बघितलं. मी चहा घेऊन ओसरीच्या उंबऱ्यातच थांबले. माझा नवरा संग्राम मांडी घालून बसला होता, त्यानं मांडी बदलली.

“असं कसं म्हणता नाना?” आई आतनं म्हणाली. “वृषी थोरली, म्हणजे तिचे मालक थोरले.”

“लेक थोरली हाय वैनी, मी कुठं नाय म्हनतोय? पन ज्याच्या डोस्क्यावर आपन पयल्यांदा अक्षता टाकल्या, तो पयला जावई. धनूच्या लग्नात टाकल्या. हिच्या लग्नात कुठं टाकल्या? ही तर कचेरीत सही करून आली.”

आणि वर ह्या ह्या करून हसले. आमच्या नानाकाकांचं हे असंच. आधी टोचायचं आणि मग म्हणायचं, चेष्टा केली बाबा, लगेच काय राग धरताय.

त्या साली अधिक महिना जेठात आला होता. आमच्याकडं अधिकात लेक-जावयाला जेवायला बोलावतात. जावई त्या दिवसापुरता नारायण आणि लेक लक्ष्मी. सासरा जावयाचे पाय धुतो, सासू पुसते, मग तांब्याच्या ताटात अनारसे आणि पेटता दिवा ठेवून वाण देतात आणि पुरणाचे धोंडे खाऊ घालतात. आबांना आम्ही दोघीच. मी वृषाली थोरली आणि धनश्री धाकटी.

धनूचं लग्न आबांनी मांडव घालून, वाजवून लावलं. माझं तसं झालं नाही. संग्रामचं कऱ्हाडात गाड्यांच्या पार्टांचं, हवा-पंक्चरचं दुकान होतं, मी तिथंच कॉलेजला होते, आणि जे व्हायचं ते झालं. आबांनी त्याला एकदा भेटून घेतलं आणि नाही म्हणाले. मी भांडले. तेव्हा ते एवढंच बोलले, “पोरगा कष्टाळू हाय, त्यात वाद न्हाय. पन ईर्षेचा हाय. तेवढं घरात घेऊ नगंस.” मी घेतलं. लग्नाला आबा आले नाहीत. त्यानंतर कितीतरी दिवस त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. धनूच्या लग्नात थोडं थोडं बोलायला लागले आणि या अधिकात त्यांनी स्वतः फोन करून संग्रामला म्हटलं, “पाव्हणं, धोंड्याला या. जोडीनं या.”

फोन ठेवल्यावर संग्राम दुकानाच्या पायरीवर बसून राहिला होता. “तुझा बाप माझे पाय धुणार, वृषा,” म्हणाला. त्याचा आवाज असा झाला होता की मला हसू आलं आणि रडूही आलं. म्हणजे बघा, त्या दिवशी आम्ही नुसतं जेवायला आलो नव्हतो.

नानाकाकांना हे सगळं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणून तर बोलले.

“चहा घ्या,” मी म्हटलं आणि कप जरा आदळूनच ठेवला.

हर्षदरावांनी, म्हणजे धनूच्या नवऱ्यानं, विषय बदलला. माणूस सरळ. फलटणला दूधसंघात कामाला होते, कुणाच्या अध्यात ना मध्यात. “संग्रामराव, तुमची दीडशेची का हो? रंग काय मस्त ठेवलाय,” ते म्हणाले.

अंगणात दोन मोटारसायकली शेजारी-शेजारी उभ्या होत्या. आमची लाल, दीडशे सीसीची. कुणाची तरी आपटलेली गाडी घेऊन संग्रामनं तिला स्वतःच्या हातानं उभी केली होती, रविवार न् रविवार त्यात घातले होते. शेजारी हर्षदरावांची निळी, दोनशेची. महिन्याभरापूर्वीच घेतलेली, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं. दोन्ही पुढं वाकून बसायच्या, पोरं रेसच्या म्हणतात त्या जातीच्या.

“दीडशे असली म्हणून काय झालं,” संग्राम म्हणाला. “गाडीत ओढ बघायची नसते हर्षदराव. ओढायला ट्रॅक्टरपण ओढतोय. गाडी वळणात बघायची. माझी नुसत्या कमरेच्या इशाऱ्यावर वळते. तुमची सरळ रस्त्याला राणी, पण घाट लागला की म्हणणार, उतरा खाली आणि ढकला मला.”

सगळे हसले. हर्षदरावही हसले.

“असेल बुवा. मला त्यातलं काय कळत नाही. शोरूममधल्यानं दाखवली, धनूला रंग आवडला, घेतली.”

हे ऐकून संग्रामच्या कपाळाला बारीक आठी पडली. मी ओळखते ती आठी. ज्याला कळत नाही त्याच्याकडं चांगली गाडी असावी, हे त्याला सोसायचं नाही.

“बदलून बघू या की,” हर्षदराव म्हणाले. “तुम्ही माझी चालवा, मी तुमची. मग सांगा मला, मी नक्की घेतलंय काय ते.”

दोघं किल्ल्या बदलून गेले. हर्षदराव कॅनॉलपर्यंत जाऊन लगेच परत आले. उतरता उतरताच बोलायला लागले, “काय ठेवलीय हो गाडी! हँडल असं हलकं, की मनात आणावं आणि वळावं. ब्रेक तर बोटावर लागतोय. माझी हिच्यापुढं म्हैस आहे.” मनापासून बोलत होते. त्या माणसाला खोटं बोलताच यायचं नाही.

संग्रामला मात्र यायला वेळ लागला. गावाबाहेरच्या घाटाची पहिली वळणं चढून आला असणार, आवाजावरनं कळत होतं. गाडी लावली आणि तिच्याकडं बघत उभा राहिला.

“काय पाव्हणं, कशी काय?” नानाकाकांनी विचारलं.

“बरी आहे. हँडलला थरथर आहे जरा.”

तेवढं बोलून तो पाणी प्यायला आत आला. मी माठाशीच होते. पूर्ण तांब्या प्यायला आणि हळूच म्हणाला, “वृषा, गाडी चांगली आहे गं.”

“मग बरंय की. धनूचीच आहे.”

“तसं नव्हे. वळणातपण चांगली आहे. टायर रुंद आहे, रस्ता सोडत नाही. आणि वळणातनं बाहेर पडताना जरा मूठ पिळली की सुटतेच. आपली तिथं धापा टाकते. मला वाटलं होतं, निदान वळणात तरी...” तांब्या जागेवर ठेवायला गेला आणि पालथा घातला.

तरी तेव्हा मला त्याची माया आली बघा. खरं तेच बोलला होता की, निदान माझ्यापाशी.

आम्ही बाहेर आलो तोवर नानाकाकांनी डाव मांडला होता.

“हे बघा, तोंडाची वाफ कशाला? घाटात अर्ध्यावर म्हसोबा हाय. हितनं दोघांनी सुटायचं, बायका मागं बसवून. डबलशीट असली की गाडीचं खरं गुण कळत्यात. जो आधी म्हसोबाला नारळ फोडंल, त्याचं पाय आधी धुवायचं. थोरला का धाकटा, वादच मिटला!”

आबा तेवढ्यात गिरणी बंद करून आले होते. आमची पिठाची गिरणी घराला लागूनच. भुवयांपर्यंत पीठ बसलेलं. टॉवेलनं तोंड पुसत म्हणाले, “चेष्टा पुरं झाली नाना. दोगांचं पाय धुयाचं हायती. कुनाचं आधी, कुनाचं मागनं, त्यात काय मोठं?”

“मग तूच सांग की दादा. आधी कुनाचं?”

आबांनी माझ्याकडं बघितलं. मग संग्रामकडं. त्यांच्या तोंडात आमचंच नाव होतं, मला दिसत होतं. अजून जरा थांबलो असतो तर ते बोललेही असते. पण संग्रामला धीर निघाला नाही.

“होऊन जाऊ दे,” तो म्हणाला.

“काय?” हर्षदराव.

“म्हसोबापर्यंत. डबलसीट. फुकटचा मान मला पण नको.”

“अहो कशाला संग्रामराव, धोंडे खायला आलोय आपण. मान तुमचाच आहे, मी कुठं नाही म्हणतोय?”

“का? भ्यालात?”

आता कुणी माणसात बसलेल्या गड्याला असं विचारल्यावर तो काय म्हणणार? हर्षदराव कसंनुसं हसले आणि उठले. धनू तर टाळ्या पिटायला लागली. लहानपणापासून तिला जत्रा हवी असते. “जिंकायचं हं,” म्हणाली नवऱ्याला, “नाहीतर मी दाजींच्या गाडीवरनं परत येणार!”

“सावकाश जावा,” आबा म्हणाले. “त्यो बाहेरच्या अंगाचा कठडा पडलाय मागल्या पावसात. सावकाश.” आणि हातपाय धुवायला परसात गेले.

आईनं मला हाक मारली. ताटलीत चार लिंबं, हळद, कुंकू. “हर्षदरावांची गाडी नवी हाय. चाकाखाली लिंबू ठेव, कुंकू लाव. आणि तुमच्या गाडीलापण ठेव गं बाई, न्हायतर पुन्हा दुजाभाव केला म्हणशील.”

मी ताटली घेऊन निघाले, तर संग्राम दारातच. “लिंबं दे इकडं, मी ठेवतो. तुझा शालू मातीत लोळेल. तू कुंकू लावायला ये मागनं.”

मला बरं वाटलं. खरंच सांगते, मनात आलं, बघा आबा, हा तुमचा ईर्षेचा माणूस साडूच्या गाडीखाली लिंबू ठेवतोय.

मी पदर सावरून, कुंकवात पाणी कालवून मागनं गेले. गाड्या आता गिरणीच्या भिंतीशी सावलीला लावल्या होत्या. कोपऱ्यावर आले आणि फुस्स असा आवाज कानावर आला. बारीक, सलग. थांबला. पुन्हा आला. पार्टांच्या दुकानदाराची बायको मी. तो आवाज कशाचा, हे मला कुणी सांगायला नको होतं.

संग्राम निळ्या गाडीच्या पुढच्या चाकाशी उकिडवा बसला होता. एका हातात लिंबू, दुसऱ्या हातात आमच्या गाडीची किल्ली, तिचं टोक चाकाच्या नळीत दाबून धरलेलं. अर्धी पाठ माझ्याकडं. त्यानं अंगठ्यानं टायर दाबून बघितलं. जेवढं पाहिजे तेवढंच, जास्त नको, असं मापून. मग लिंबू चाकाखाली सारलं, हात झटकला आणि पलीकडनं अंगणात निघून गेला.

पुढच्या चाकात हवा कमी असली की काय होतं, हे मला त्यानंच शिकवलेलं. सरळ रस्त्यावर कळत नाही. हळू चालवणाऱ्याला तर अजिबात कळत नाही. पण वळणात गाडी तिरकी केली की हँडल जड होतं, आणि तरी रेटलं तर गाडी पुढनं निसटते. गिऱ्हाइकाला तो बजावून सांगायचा, “मागचं चाक एकवेळ चालेल हो, पुढच्याशी खेळू नका. पुढचं गेलं की माणूस गेला.”

आणि मागं धनू बसणार होती.

त्याच्या मनात कुणाला मारायचं नसणार, ते मला कळत होतं. त्याचा हिशेब एवढाच असणार की हँडल जड लागेल, हर्षदराव आधीच भित्रे, वेग कमी करतील. पण पडलेला कठडा त्यानंही ऐकला होता की!

काय करावं? ओरडून सांगावं तर अंगणात-परसात अख्खं घर. नानाकाका. आबा. ज्याच्यासाठी मी बापाशी भांडले त्याची अब्रू मीच वेशीवर टांगायची? आणि गप्प बसावं तर माझी बहीण त्या गाडीवर. मला माहेरच्या अंगणात उभं राहायची लाज वाटायला लागली. मी काही केलं नव्हतं, तरी कान गरम झाले. निळ्या गाडीला कुंकू लावलं, तर टिळ्याचा फराटाच झाला.

मग वाटलं, त्याला एक संधी देऊ या. त्यानंच बोलावं. कसंही बोलावं, खोटं का असेना, ‘जरा हवा कमी वाटतेय’ म्हणावं आणि भरावी. कुणाला काही कळायचं कारण नाही. त्याला तेवढी वाट काढून द्यायची.

मी अंगणात आले. दोघांनी गाड्या काढून फाटकाकडं तोंड करून लावल्या होत्या. धनू हर्षदरावांच्या मागं चढायच्या बेतात होती.

“थांब गं,” मी म्हटलं. “असली कसली शर्यत? आपापल्या बायका घेऊन तर रोजच फिरतात. तू बस दाजींच्या मागं. मी बसते हर्षदरावांच्या.”

“अग्गं बया!” धनू खिदळली. “चालेल! दाजी, मला सांभाळून न्या हं, मी तुमची एकुलती एक मेव्हणी आहे.”

“वा गं वा!” नानाकाका मांडीवर थाप मारून म्हणाले. “आता खरी गंमत! बायको एका गाडीवर आन् मान दुसऱ्या गाडीवर!”

सगळे हसले. मी संग्रामकडं बघत होते. एकटा तोच हसत नव्हता.

“कशाला?” तो म्हणाला. “आहे तसंच ठीक आहे.”

“का? काय होतंय?” मी विचारलं.

तो माझ्याकडं बघतच राहिला. मीही डोळे हलवले नाहीत. तेवढ्यात मी हर्षदरावांच्या मागं एका अंगाला चढून बसले. सीट उंच, पाय अधांतरी. पुढचं चाक जिथं जमिनीला टेकलं होतं तिथं टायर फुगून बाहेर आलं होतं. मला दिसत होतं. त्याला दिसत होतं. बाकी कुणाला दिसत नव्हतं, कारण बाकी कुणी तिकडं बघतच नव्हतं.

हर्षदरावांनी गाडी चालू केली. संग्राम आपल्या गाडीवरनं खाली उतरला. माझ्या जिवात जीव आला. आला, म्हटलं, माझा माणूस आला! तो जवळ आला, अगदी माझ्या गुडघ्यापाशी. ओठ हलले. मी मनातल्या मनात म्हणत होते, बोल. बोल रे. एक शब्द बोल.

“पदर नीट खोच,” तो म्हणाला. “चाकात जाईल.”

आणि वळून आपल्या गाडीवर जाऊन बसला.

आजवर मला लोकांनी पुष्कळ शिव्या दिल्यात, सासूनं दिल्यात, नानाकाकांनी दिल्यात. पण त्या पाच शब्दांएवढं मला काही लागलं नाही. त्याला माझी काळजी होती, बरं का. पदराची होती.

मी खाली उतरले. पदर खोचला. नीट खोचला, कमरेला आवळून. गिरणीत गेले. आबांच्या स्कूटरसाठी पायानं मारायचा हवेचा पंप खिळ्याला लटकलेला असायचा, तो काढून आणला आणि निळ्या गाडीच्या पुढच्या चाकाशी ठेवला.

“हर्षदराव, उतरा जरा. पुढं हवा कमी आहे.”

“हवा?” ते उतरून वाकले, टायर दाबलं. “अरेच्चा! कालच तर भरून घेतली संघातनं निघताना. पंक्चर झालं का काय?”

“पंक्चर नाही,” मी म्हटलं.

पंपाची नळी जोडली आणि शालूतच पाय मारायला लागले. फस्स, फस्स, फस्स. धनू संग्रामच्या गाडीवरनं हळूच उतरली. आई दारात आली. आबा परसातनं हात पुसत आले आणि उभे राहिले. नानाकाकांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आबांनी नुसता हात वर केला. नानाकाकांनी तोंड मिटलं, आयुष्यात पहिल्यांदा.

मला घाम आला होता, शालूचा काठ टोचत होता, पण मी थांबले नाही. थांबले असते तर रडले असते.

टायर टणक झालं. हर्षदरावांनी नळी काढली आणि आजूबाजूला जमिनीवर हात फिरवायला लागले. “चाकाच्या नळीवरचं टोपण कुठं गेलं? काळं, छोटंसं. काल लावलं होतं मी.”

संग्राम गाडीवरनं उतरून आमच्यापाशी आला. शर्टाच्या खिशात दोन बोटं घातली आणि टोपण काढून हर्षदरावांपुढं धरलं.

“हे घ्या,” म्हणाला.

हर्षदरावांनी हात पुढं केला. टोपण घेतलं. मग त्याच्याकडं बघितलं, मग टोपणाकडं. त्यांचा तो सरळ चेहरा हळूहळू उतरत गेला. खाली वाकून ते टोपण फिरवून फिरवून बसवत राहिले, बसल्यावरही फिरवत राहिले. मग उठले, किल्ली काढून खिशात घातली आणि म्हणाले, “ऊन फार झालंय. शर्यत राहू द्या. आबा, पाय आधी संग्रामरावांचेच धुवा.”

दुकानात दिवसभर हेच काम, हवा भरायची, टोपण खिशात, काम झालं की टोपण द्यायचं. त्या सवयीनं त्याचा हात पुढं गेला, की त्यानं कबुली दिली? मी त्याला कधी विचारलेलं नाही. काय उत्तर येईल याची मला भीती वाटते.

आत पाट मांडले होते, भोवती रांगोळी. आम्ही दोघं बसलो. कोणी कोणाकडं बघत नव्हतं. धनू माझ्या मागं उभी होती. तिनं माझा खांदा घट्ट धरला होता, म्हणजे तिलाही कळलं होतं. आई कोमट पाण्याचा तांब्या घेऊन आली. आबांनी धुतलेला सदरा घातला होता. ते खाली बसले, गुडघा दुखतो म्हणून एक हात जमिनीला टेकवून बसले आणि परात पुढं ओढली.

संग्रामनं पाय मागं घेतले. पाटाखाली, धोतराच्या आत लपवल्यासारखे. त्यानं त्या दिवसासाठी मुद्दाम धोतर नेसलं होतं, त्यावरनंच तो गाडीवर बसला होता.

“पाय फुडं करा पाव्हणं,” आबा म्हणाले.

“नको आबा.”

“करा फुडं. पानी गार व्हतंय.”

“आबा, माझे पाय नका धुऊ तुम्ही.” त्यानं हात जोडले. “हर्षदरावांचे धुवा. माझे नका.”

आबांनी त्याच्याकडं बघितलं नाही. त्यांनी हात पाटाखाली घातला, घोटा धरून एक पाय बाहेर काढला, मग दुसरा, आणि परातीत ठेवले. पाणी घातलं.

“तुमचं न्हाय धूत मी,” ते हळू म्हणाले. रागानं नव्हे, गिऱ्हाइकाला पीठ कसं दळून हवं ते विचारावं तसे. “माझ्या लेकीनं निवडलेलं पाय हायती. ते धुतोय.”

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आबा बोटांच्या बेचक्यांतनं अंगठा फिरवत सावकाश पाय धूत होते. नखांत गिरणीच्या भिंतीशी बसताना गेलेली माती होती, तीसुद्धा त्यांनी काढली. आईनं पाय पुसले. हळद-कुंकू लावलं. संग्राम मान खाली घालून रडत होता आणि मला त्याचे डोळे पुसावेसे वाटले नाहीत. मी परातीतल्या पाण्याकडं बघत राहिले. एकदा आबांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. ‘मी सांगितलं होतं’ असलं काही त्या नजरेत नव्हतं. असतं तर मला सोपं गेलं असतं.

वाण दिलं. धोंडे वाढले. हर्षदरावांचेही पाय धुतले, तेही मान खाली घालूनच बसले होते, जणू त्यांचंच काही चुकलं होतं. नानाकाका जेवायला थांबले नाहीत, शेतात काम आहे म्हणून गेले.

निघताना संग्राम हर्षदरावांपाशी गेला. दोघं जांभळीखाली उभे होते, काय बोलले मला ऐकू आलं नाही. हर्षदरावांनी मान हलवली. नंतरच्या वर्षांत ते आमच्याशी वाईट कधी वागले नाहीत, पण संग्रामच्या दुकानात त्यांनी आपली गाडी कधी आणली नाही.

आता मधे बरेच अधिक होऊन गेले. आबा थकले, वाकवत नाही, तरी धोंड्याला आम्हालाच आधी बोलावतात आणि आमचेच पाय आधी. संग्राम पाय पुढं करतो आणि डोळे मिटून घेतो. ती लाल गाडी त्यानं त्याच वर्षी विकून टाकली. आता आमच्याकडं साधी, घरगुती गाडी आहे, बाजाराला जायची.

कुठंही निघायचं असलं की तो आधी खाली वाकतो आणि दोन्ही चाकं अंगठ्यानं दाबून बघतो. पुढचं दोनदा. शेजारच्या वहिनी गॅलरीतनं बघत असतात. परवाही म्हणाल्या, “नशीबवान आहात हो, किती काळजी घेतात तुमचे मालक!”

मी हसले, पदर कमरेला खोचला आणि त्याच्या मागं बसले.